पाठ दिसता कामा नये!

"पाठ! माझ्याकडे पाठ!" राजा रणधीर बांधावरच्या गादीवरून ओरडला. "आणि एकट्यादुकट्याची नाही, अख्खी रांगच्या रांग माझ्यावर चालून येतेय!"

ओरडणारच. साळगडचा हा राजा मानापानाला फार जपायचा. त्याच्या दरबारातून निघताना भल्याभल्यांना वाकून, मुजरे करत, उलट पावलांनी दारापर्यंत जावं लागे. बिचारे दिवाणजी दर महिन्याला उंबऱ्यावर आपटत. तर हे महाराज आज हौसेने भाताची लावणी बघायला आले, छत्री धरवून बांधावर बसले. समोर खाचरात माणसं कमरेत वाकलेली, पुढ्यातल्या चिखलात रोप खोवत एकेक पाऊल मागे सरकत होती. लावणी अशीच करतात. त्यामुळे महाराजांच्या दिशेने जे येत होतं ते तोंड नव्हतं आणि खरं सांगायचं तर पाठही नव्हती. पाठीच्या खालचा ऐवज होता!

"कुणाचं शेत हे?"

धाकू शेतकरी हात जोडून पुढे आला. त्याच्या मागून त्याची मुलगी आवडी आली, चिखलाचे हात कमरेवर ठेवून.

"राजाकडे पाठ करता?" राजा गरजला.

"आमी कुठं केली, महाराज?" आवडी म्हणाली. "तुमीच पाठीकडं येऊन बसलात! उठा, पलीकडच्या बांधावर बसा. दिवसभर आमची तोंडं बघा."

राजा लाल झाला.

"मी उठू? तुमच्यासाठी? मुळीच नाही! उलट उद्या त्या बांधावर आईसाहेब बसतील, डावीकडे मामासाहेब, उजवीकडे सेनापती. लावणी झाली पाहिजे, एकही रोप तुडवलं जाता कामा नये आणि पाठ कुणालाही दिसता कामा नये. ज्याची दिसेल त्याची जमीन जप्त! माझ्या हत्तींना डुंबायला जागा हवीच आहे."

राजा गेला आणि धाकूने चिखलातच बसकण मारली. लावणीसाठी वाफ्यातली रोपं उपटून झालेली. जुड्या पाण्यात पडलेल्या. लावणी लांबली तर पिवळ्या पडणार, आणि पुन्हा रोप करायला घरात बियाणं नाही.

"गेलं गं सगळं, आवडे! मागं सरकावं तर जमीन जाते, पुढं सरकावं तर रोप तुडवलं जातं. खायचं काय वर्षभर?"

आवडी म्हणाली, "बाबा, घरी चल, जेवून घे. उद्या आपण कायपण करायचं नाय."

"कायच नाय?"

"कायच नाय. महाराजांना करू दे."

दुसऱ्या दिवशी चारही बांध मानकऱ्यांनी भरले. समोरच्या बांधावर आईसाहेब. रणधीर जगात कुणाला घाबरत असेल तर त्यांनाच! पण खाचर रिकामं. लावणीची सगळी माणसं कोपऱ्यातल्या गवतावर ओळीने उताणी पडलेली, हात पोटावर ठेवून आभाळ बघत.

"मेलेत की काय हे?" राजाने विचारलं.

"जिवंत हावोत, महाराज," आवडी पडल्यापडल्याच म्हणाली. "पण उठलो की कुणाला ना कुणाला पाठ दिसंल. म्हणून ती जमिनीला लावून ठेवलीय. तुमचा हुकूम आमच्या डोक्यात शिरंना. तुमी एकदा करून दावा, तस्संच करू."

"त्यात काय अवघड आहे?" म्हणत राजाने सुरवार गुडघ्यापर्यंत दुमडली, एक जुडी उचलली आणि तो चिखलात उतरला. स्वतःच्या बांधाकडे तोंड करून वाकला. रोप खोवलं. एक पाऊल मागे सरकला, तोच मागच्या बांधावरून आवाज आला,

"रणध्या! हे काय दाखवतोस आईला?"

राजा गर्रकन वळला. आता तोंड आईसाहेबांकडे, पाठ स्वतःच्या बांधावर बसलेल्या दिवाणजींकडे. दिवाणजींनी हुकमाला घाबरून डोळे मिटून घेतले. आडवं वळावं तर एकीकडे मामासाहेब, दुसरीकडे सेनापती! भोवऱ्यासारखा फिरता फिरता राजाने स्वतःच लावलेली रोपं तुडवली, त्याचा पाय घसरला आणि तो धपकन पालथा पडला. चारही बांधांना पाठ एकदमच दिसली!

"महाराज," उताणी आवडी म्हणाली, "आमची अजून कुणी बघितली नाय. तुमची समद्यांनी बघितली. हुकमापरमानं जमीन जप्त! तुमची जमीन म्हंजे अख्खं साळगड. ते जप्त कुणी करायचं?"

"मी करते!" आईसाहेब म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

राजा उठला. मिशीतून चिखल गळत होता. "जिभेला हाड नाही तुझ्या! बरं, एकच सांग. लावणीत तुमची तोंडं सारखी लावलेल्या भाताकडेच असतात. राजाकडे पाठ केलेली चालते, मग भाताकडे का चालत नाही? भात माझ्यापेक्षा मोठा लागून गेला?"

"तसं नाय, महाराज. आमी तुमच्याकडं पाठ केली तर तुमाला घटकाभर नको ते दिसंल. भाताकडं पाठ केली, तर वर्षभर तुमच्या ताटात कायच दिसणार नाय!"

राजा असा हसला, असा हसला, की पुन्हा चिखलात बसला!

"हे खाचर सारा माफ करून आवडीला इनाम!" तो ओरडला. "शेजारचं माझं आहे, तेही दिलं! आणि मानकऱ्यांनो, बसलात काय असे? उतरा खाली, जुड्या वाहा! दिवाणजी, तुम्ही लावणीला लागा. उलटं चालायची सवय आहे तुम्हाला!"