बुलबुलबाईंचा घसा

पाखरं पिल्लांना गाणं शिकायला शाळेत धाडत, त्या काळची गोष्ट. करवंदीच्या जाळीत बुलबुलबाईंचा वर्ग भरे, शेजारच्या आंब्यावर दयाळगुरुजींचा. बाई उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत शिकवत. पाणी प्यायलाही उठत नसत. गुरुजी मात्र ऊन चढलं की पिल्लांना सुट्टी देऊन ओढ्यावर जात. ‘म्हातारा कामचुकार आहे,’ बाई मनात म्हणत.

एके दिवशी पिल्लांनी रानासमोर गायचं ठरलं. गुरुजींची पिल्लं गायली आणि सगळं रान डोललं. मग बाईंची गायली. सूर बरोबर, ताल बरोबर, पण प्रत्येकाचा आवाज बाईंच्या सुकलेल्या घशासारखाच घोगरा! गाणं असंच म्हणतात, अशी बिचाऱ्यांची समजूत झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ओढ्यावर गेल्या. गुरुजी पोटभर पाणी पिऊन एका चिमुकल्या शिंजीर पाखरापुढे बसले होते. "काल मी कुठे चुकलो? पुन्हा सांग बघू," ते म्हणत होते.

"गुरुजी, तुम्ही अजून शिकता?"

"मग काय बाई, पिल्लांना रोज शिळंच वाढू?"

बाईंनी ओढ्यात चोच बुडवली, आणि शिंजिरापुढे गुरुजींच्या शेजारी जाऊन बसल्या.