हत्ती नसलेल्या गावात तुळसा

फार फार वर्षांपूर्वी, ढग डोंगरावरून उतरून अंगणात विसावा घ्यायचे त्या काळी, एका राज्यात तुळसा नावाची बाई राजाचे हत्ती सांभाळायची.

एके दिवशी राजाच्या मनात आलं आणि त्यानं सगळे हत्ती रानात सोडून दिले. तुळसाला आनंदही झाला आणि रडूही आलं. वीस वर्षांचं काम एका सकाळी संपलं होतं.

गाठोडं घेऊन ती तळ्याकाठच्या गावी गेली. तिथल्या वैद्यबुवांना आजाऱ्यांच्या सेवेसाठी माणूस हवं होतं.

"काय काम येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मी हत्ती सांभाळायचे."

वैद्यबुवांना वाईट वाटलं. "बाई, आमच्या गावात हत्ती नाहीत हो."

तुळसा परत फिरली आणि रानाच्या वाटेला लागली. रानात इतकं दाट धुकं होतं, की झाडं तरंगत असल्यासारखी वाटत होती. त्या धुक्यातून एक म्हातारी हत्तीण हळूहळू पुढं आली. तिच्या सोंडेवर गाल टेकून तुळसानं सगळं सांगितलं.

हत्तीण म्हणाली, "पोरी, कुणाला सांभाळलंस ते तू सांगितलंस. कसं सांभाळलंस, ते सांगितलंस का?"

"त्यात काय सांगायचं?"

"माझी दाढ ठणकायची, तेव्हा मी तोंडानं सांगितलं होतं का? मी चारा कुठल्या बाजूनं चावते, एवढं पाहून तू ओळखलंस. बिथरलेल्या हत्तीजवळ तू आवाज न चढवता उभी राहायचीस."

"ते तर मी रोजच करायचे."

"म्हणूनच तुला ते दिसत नाही," हत्तीण म्हणाली आणि धुक्यात विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी तुळसा पुन्हा वैद्यबुवांच्या दारात उभी राहिली.

"काल मी अर्धंच सांगितलं, वैद्यबुवा. ज्याला आपलं दुखणं सांगता येत नाही, त्याचं दुखणं मला ओळखता येतं. घाबरलेल्याला धीर देता येतो. औषधं मला कळत नाहीत, ती मी शिकेन."

वैद्यबुवांनी तिला आत नेलं. तिथं एक म्हातारा शिंपी निजला होता. त्याची वाचा गेली होती आणि दोन दिवस तो अन्नाला शिवला नव्हता. घरच्यांनी आशा सोडली होती.

तुळसा त्याच्याजवळ बसली. पेजेची वाटी दिसली की त्याची नजर तिकडे वळते, पण उठवायला हात लावला की तो बरगडी धरतो, हे तिनं पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "यांना भूक आहे. उठवून बसवलं की बरगडीत कळ येते, म्हणून तोंड फिरवतात. उशीला टेकवून, थोडं कलतं ठेवून भरवू या."

म्हाताऱ्यानं वाटीभर पेज संपवली आणि तिचं बोट घट्ट धरून ठेवलं.

वैद्यबुवा म्हणाले, "बाई, आत्तापासूनच इथं कामाला थांबा."

तुळसा तिथंच राहिली. पुढं पंचक्रोशीत कुठलं तान्हं बाळ रडायचं थांबेनासं झालं, की लोक तिलाच बोलावू लागले.

तात्पर्य: काम मागायला जाताना जुन्या कामाचं नाव सांगून थांबू नये, त्या कामानं आपल्याला काय शिकवलं, तेही मोकळेपणानं सांगावं.