राईचं कुंपण

भैरीदेवाच्या राईतला झरा गाळाने बुजला. तहानेली भेकरं गावात येऊन कुत्र्यांच्या तोंडी पडू लागली. गाळ काढायला बायकांनी सरकारी अनुदानाचा अर्ज केला. पाहणीला आलेले दिघेसाहेब खेकसले, "कुंपण नाही, राखणदार नाही! अशा उघड्या रानाला पैसे मिळत नसतात, बाई."

व्रतंवैकल्यं करणाऱ्या इंदिरावहिनी शांतपणे म्हणाल्या, "खरंय, साहेब. इथे अडवणारं कुणी नाही. हा घ्या कोयता, तोडा एक फांदी."

साहेबांनी तावातावाने कोयता उचलला. राईतल्या भैरीच्या देवळाकडे नजर गेली, आणि हात तसाच थांबला.

"तुम्ही तर परगावचे," वहिनी हसल्या. "तुम्हालाही ज्याने थोपवलं, तेच आमचं कुंपण. पाण्यासाठी बाहेर पडणाऱ्या भेकरांना तेवढं ते अडवत नाही."

साहेबांनी कोयता खाली ठेवला आणि अर्जात कुंपणापुढे लिहिलं, 'आहे'.