उजव्या कानातला गेनबा

“…मुका झाला व्हतास का रं गेनबा? पोवाड्याचं तीन चौक मी एकलाच वरडतोय, आन् मागं तू काय दात कोरत हुबा व्हतास?”

गेनबा तिथं नव्हताच. त्यो आपल्या वस्तीवर म्हशीची धार काढत असंल. पन हैबती शाहिराचा राग असाच. मानूस समोर असो-नसो, शिवी वाया घालवायचा न्हाई.

समोर हुसेन वस्ताद बसलं व्हतं, डफाचं कातडं शेकत. ह्या दोघांला त्यांनीच शिकवलेलं. हैबतीनं म्होरं म्हनायचं, गेनबानं मागनं झील धरायची. ओळ संपली की ‘जी जी’ करून आवाज उचलायचा. अठरा वर्सं हेच चाललेलं.

“काढा त्याला, वस्ताद. शनवारी जत्रंत त्यो माझ्या मागं दिसला, तर मी तोंड उघडायचा न्हाई.”

“कशावरनं म्हनतोस?”

“हे काय, पुरावाच हाय.”

हैबतीनं खिशातनं वाकमन काढला. वस्तादांचाच, जुनाट, झाकनाला रबर गुंडाळलेलं. मागल्या कार्यक्रमाची क्यासेट आईकाय त्यांनीच दिलेला.

“चार बार आईकली. नुसता माझाच आवाज. ह्याचा ‘जी’ न्हाई का ‘हां’ न्हाई.”

“म्हनताना आईकू आलं नव्हतं?”

“म्हनताना माझा एक हात कानावर असतोय, दुसरा वर. डोळं मिटल्यालं. दुसऱ्याचं कवा आईकनार?”

“…अठरा वर्सं?”

“अठरा वर्सं!” हैबती छाती काढून म्हनला.

वस्तादांनी डफ बाजूला ठेवला.

“घाल बोंडकं कानात.”

“उजवीकडचं बोंडुक मेलंय, वस्ताद. डावं तेवढं वाजतंय.”

“वायर घुसती तिथं अंगठा दाब. दोन माईक व्हतं त्या दिशी. तुझा डाव्या कानात येतोय, गेनबाचा उजव्या.”

हैबतीनं अंगठा दाबला. उजव्या कानात खरखर झाली.

“आरं तिच्या… पन वस्ताद, मी काय म्हनतो, त्या गेनबाला—” आन् दोन्ही हात वर गेलं. आवाज बंद.

“अंगठा.”

दाबला.

“तसं न्हवं, पन त्याची नियतच—”

हात वर. आवाज बंद.

“अंगठा!”

हाताबिगर हैबतीला बोलता यायचं न्हाई, ही त्याची जल्माची खोड. तिसऱ्या बाराला वस्ताद म्होरं सरकलं. त्याचा मोकळा हात धरला, आपल्या मांडीखाली घातला आन् वर बसलं.

आता हैबतीला काय, आईकन्याबिगर इलाज नव्हता.

पयल्या चौकाला ‘जी’ आला. खनखनीत. हैबतीनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद भिंतीकडं बघत व्हतं.

दुसऱ्या चौकाला बी आला.

तिसऱ्या चौकात हैबती त्या दिशी ओळ इसरला व्हता. लोकांला कळलं नव्हतं. आपल्याला आपसूक आठवली, असंच त्यो आतापातूर समजून व्हता. डाव्या कानात त्याचंच हुंकारनं चाललेलं… आन् उजव्या कानात गेनबा, हळू, दबक्या आवाजात म्होरची ओळ सांगत व्हता.

एकदा न्हाई. तीनदा.

तवा कुठं हैबतीची गाडी रुळावर आली व्हती, आन् लोकांनी टाळ्या हानल्या व्हत्या. हैबतीला.

…

क्यासेट संपली. कट्ट करून बटन वर आलं.

“सोड की आता. संपली.”

हैबतीनं अंगठा सोडला न्हाई.

“वस्ताद… ह्यो मला कवाच बोलला न्हाई.”

“बोललाय की. आत्ताच आईकलंस.”

“मग शनवारी… मी काय करू?”

वस्तादांनी मांडी उचलली, त्याचा हात मोकळा केला. डफ घेतला. थाप टाकली. सत्तरीचा गळा, चिरका, पन सुरात. नमनाच्या गनाची पयली ओळ म्हनली, शेवटाला थांबलं, आन् हैबतीकडं बघत ऱ्हायलं.

हैबतीचं तोंड उघडंच. हात कानाकडं निघाला व्हता, त्यो मधीच आडला.

वस्तादांनी परत ओळ म्हनली. परत थांबलं.

…

“बघतोस काय? झील धर.”