पळीभर वर्गणी

फार मागची गोष्ट. एका नदीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावात पोरापोरींचं एक पथक होतं. गळ्यात पिवळा रुमाल, हातात वेळूची काठी. दोराला गाठी मारायच्या, जखम बांधायची, वाट चुकलेल्याला वाटेला लावायचं, असली कामं ती पोरं शिकत. पण त्यांचं खरं काम संध्याकाळचं.

बाजार भरायचा नदीपलीकडे. पूल नव्हता. एकाच जागी गुडघाभर पाण्यातून चालत येता येई, त्या जागेला गाव उतार म्हणायचं. उताराच्या खालच्या अंगाला काळा डोह. त्यात गेलेलं माणूस परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून अलीकडच्या काठावर, दगडी खांबावर, पथक रोज दिवा लावायचं. बाजारकरी पाण्यात पाय घालायचे ते त्या दिव्याकडे बघून. खाली बघायचं नाही, आजूबाजूला बघायचं नाही, उजेड दिसेल तिकडे सरळ चालायचं. गावातल्या प्रत्येकाला लहानपणापासून हेच शिकवलेलं.

पथकाची वर्गणी म्हणजे पळीभर तेल. पोरानं घरून भरली पळी आणायची आणि सगळ्यांसमोर दिव्यात ओतायची. दिवा जरा मंद दिसला की घराघरातून माणसं ओट्यावर येऊन विचारायची, "कोणाची पळी राहिली रे आज?" दिव्यात ज्याचं त्याचं तेल होतं, त्यामुळे ज्याचं त्याचं लक्षही होतं.

पथकाचा नाईक म्हणजे उतारवयाचा एकटा माणूस. पोरं त्याला नाईककाका म्हणायची. त्याला रागवायला जमत नसे, आणि कोणाकडे काही मागायला तर त्याहून जमत नसे.

पथकात एक मुलगी होती. तिला वडील नव्हते. आई केरसुण्या बांधायची आणि बाजारात नेऊन विकायची. एका संध्याकाळी त्या मुलीनं पळी ओतली आणि दिवा तडतडायला लागला.

"दिव्याला पडसं झालंय," एक पोरगा म्हणाला. सगळी पोरं हसली. मुलगी तेवढी मान खाली घालून उभी राहिली.

नाईकाला कळलं. पळीत तेल होतं ते वर तरंगण्यापुरतं, खाली सगळं पाणी. त्यानं वात पुसून सारखी केली. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पळीभर तेलापायी एवढ्याशा पोरीला खोटं वागावं लागतं, तर ही वर्गणी काय कामाची, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं. चार सुखवस्तू घरांना थोडं जास्त तेल घाला म्हणावं, असंही त्याच्या मनात आलं. पण मागायचं कसं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

गावात एक शेटजी होते. डोहाच्या वरच्या काठावर त्यांचं टोलेजंग घर, घराशेजारी तेलाचे घाणे. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी नाईकाला बोलावून घेतलं, गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "पोरांच्या पळ्या कसल्या गोळा करता नाईक? भीक मागितल्यासारखं दिसतं ते. मी रांजण भरून देतो. संपला की परत भरीन."

नाईकाचे डोळे भरून आले. त्यानं त्याच दिवशी वर्गणी बंद केली. पोरांनी उड्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी केरसुणीवाली त्याच्या दारात आली. पदराखाली पळी होती, अर्धी भरलेली.

"नाईकभाऊ, पोरीनं पाणी घातलं ते मला कळलंय. तिला मी समजावलंय. पूर्ण पळी नाही जमत, पण अर्धी देईन. तेवढी घेत जा."

"अहो बाई, आता कशाला? रांजण आहे ना. हे तेल भाजीला वापरा."

"भाजी होईल हो बिनतेलाची. पण त्या दिव्यात आमचंही काही आहे म्हटलं की पोर ताठ उभी राहते."

नाईक हसला. मोठ्या मायेनं त्यानं ती पळी परत केली. बाई ती पदराखाली घेऊन परत गेली.

दिवस गेले. दिवा आता मोठा जळायचा. पण ओट्यावर येऊन त्याच्याकडे कोणी बघेना. एकदा वारा सुटला आणि दिवा विझून बराच वेळ तसाच राहिला, तरी कोणी विचारायला आलं नाही. शेटजी बघतील, असं जो तो मनात म्हणाला. पोरं मात्र शेटजींच्या घरी पाहुणे आले की रांगेत उभी राहून सलामी द्यायला शिकली.

मग शेटजींच्या नातवाचं बारसं निघालं. गावोगावचे पाहुणे येणार होते. शेटजींनी निरोप धाडला की संध्याकाळी सगळं पथक आमच्या दारापुढे, डोहाच्या काठावर, मशाली घेऊन उभं राहू दे. रांजणातलं होतं नव्हतं तेवढं तेल मशालींना लागणार होतं.

नाईक चाचरत शेटजींकडे गेला. म्हणाला, थोडं तेल आणि दोन पोरं उतारावर ठेवतो, बाजारचा दिवस आहे. शेटजी रागावले नाहीत. हसून म्हणाले, "रांगेला खिंडार पडलेलं बरं दिसतं का? बाजारकरी काय आज नवीन येतायत? आणि नाईक, तेल कोणाचं हो?"

दिवा गावाचा आहे, असं नाईकाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेल गावाचं राहिलं नव्हतं. त्यानं मान हलवली आणि तो परत फिरला.

रांगेत लहान पोरं पुढे उभी केली. त्यामुळे केरसुणीवालीची पोर सगळ्यात पुढे, पाण्याच्या अगदी कडेला होती. सकाळीच तिनं आईला सांगितलं होतं, "आज माझ्या हातात मशाल असणार. लवकर ये बघायला." आता ती हात दुखला तरी खाली घेत नव्हती. मशाल उंच, आणखी उंच धरत होती. मागे सनई वाजत होती.

त्या दिवशी बाकीचे बाजारकरी उजेड असतानाच परतले होते. उरल्या केरसुण्या विकता विकता एकट्या तिच्या आईला उशीर झाला. ती पलीकडच्या काठावर आली तेव्हा अंधारून आलं होतं. उतारावर काळोख. उजेड एकाच ठिकाणी होता. लहानपणी शिकवलं होतं तसं तिनं केलं. खाली पाहिलं नाही, आजूबाजूला पाहिलं नाही. उजेड दिसला तिकडे ती सरळ चालत गेली.

सनईत कोणाला काही ऐकू आलं नाही.

सकाळी शेटजींच्या घाटाला केरसुण्या तरंगत लागल्या. आई काही मिळाली नाही.

आपल्या घाटाचं नाव वाईट झालं म्हणून शेटजी चिडले. पथकाशी माझा संबंध नाही म्हणाले आणि रांजण उचलून घेऊन गेले. मग ज्यानं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं तो नाईक भांडं घेऊन दारोदार फिरला. एका घरी म्हणाले, आमची पळी तुम्हीच बंद केलीत. दुसऱ्या घरी म्हणाले, आता सवय मोडली, कोण रोज लक्षात ठेवणार. तिसऱ्या घरी दारच उघडलं नाही. एकेका आईबापानं आपलं पोर पथकातून काढून घेतलं. पिवळ्या रुमालांची घरोघरी फडकी झाली.

उतारावर एकटी ती मुलगी यायची. लोकांची भांडी घासून तिनं तेल मिळवलेलं असायचं. पळी काठोकाठ भरलेली, पाण्याचा थेंब नाही. ती दिव्यात ओतायची आणि नाईकाशेजारी बसायची.

एकदा ती म्हणाली, "नाईककाका, आई माझ्याकडेच येत होती ना?"

 नाईकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

एका पळीवर तो मोठा दिवा कितीसा जळणार? पलीकडे बाजारकऱ्यांचा आवाज यायला लागायचा, आणि नेमका तेव्हाच दिवा मिणमिणून विझायचा. मग दोघं काळोखात उभी राहून हाका मारायची, "इकडे या, इकडे." पण नदीचा आवाज मोठा होता. गावातल्या ओट्यांवर कोणी नव्हतं.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: ज्या दिव्यात आपलं तेल नाही, तो कुठे लावायचा हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून गरिबाची अर्धी पळीसुद्धा दया म्हणून परत करू नये, मान देऊन दिव्यात ओतून घ्यावी.