केरबाची जनजागृती

चूक सगळी हर्डीकर सरांची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गाव अजून केरबालाच नावं ठेवतं.

एका गावात एक भोळा केरबा होता. गाव पठाराच्या पायथ्याला आणि पठारावर पर्यावरण संशोधन केंद्र. हर्डीकर सर त्याचे प्रमुख. वीस वर्षांत सरांनी वरचं गवत काडी न् काडी मोजलं, पण खालच्या गावात माणसं राहतात हे काही त्यांच्या नजरेला पडलं नाही. मग सरकारकडून पत्र आलं. लोकांसाठी काय केलंत? गणपती झाले की समिती बघायला येईल. सरांची पाचावर धारण बसली. शिमगा होताच त्यांनी गावातला एक माणूस कामावर घेतला. तो केरबा.

"समिती खूश झाली की तुला कायम करतो," सर म्हणाले.

केरबाला कायम व्हायचंच होतं, मामाच्या सुमनसाठी. मामा माजी सरपंच. माजी होऊन अकरा वर्षं झाली होती, पण छाती अजून पदावरच होती. मामानं बजावलं होतं, "आरं भाच्या, कायम झालास तर पोरगी तुझी. न्हाईतर कारखान्यातला शिपाई बघून ठेवलाय. कायम हाय त्यो."

सुमनला केरबाच हवा होता. पण तिला विचारतो कोण?

पहिल्या दिवशी सरांनी माहितीपत्रकांचा गठ्ठा हातात दिला. "ही माहिती गावात अगदी तळागाळापर्यंत गेली पाहिजे."

केरबा गावच्या तळ्यावर गेला. गठ्ठ्याला धोंडा बांधून सोडला. तळाला गेला, पण गाळात शिरेना. मग केरबा स्वतः उतरला आणि पायानं दाबून आला.

"अरे, तळ्यात?" सर ओरडले. "माणसांपर्यंत! घरोघरी जायचं, जनजागृती करायची! मनाशी खूणगाठ बांध."

मनाला गाठ कशी मारतात ते केरबाला ठाऊक नव्हतं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलला मारली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाव जेवून आडवं झालं होतं. केरबा थाळी आणि पळी घेऊन निघाला. दारोदार ठणाठणा.

"उठा! उठा!"

"कोण गेलं रं?"

"कोण न्हाई. जनजागृती हाय."

संध्याकाळी त्यानं सरांना सांगितलं, "सर, सगळं गाव जागं केलं. तुकाआज्जा तेवढा ऱ्हायला. बहिरा हाय त्यो."

सरांनी कपाळाला हात लावला. "थाळ्या कसल्या बडवतोस, शहाण्या! माणूस दचकता कामा नये. शेजारी बसायचं, आधी ख्यालीखुशाली विचारायची, मग हळूच विषय काढायचा."

दुसरी गाठ.

आठवड्याभरानं पठारावर वणवा लागला. तो आधी केरबाला दिसला. केरबा पळत खाली आला आणि पहिल्याच घरी दत्तूनानाच्या सोप्यात टेकला.

"नाना, गुडघा काय म्हणतोय?"

"बरा हाय."

"म्हस आटली का?"

"आटली."

"पोरगं फोन करतंय न्हवं?"

"करतंय की. चहा घे."

केरबानं चहा घेतला. बशी खाली ठेवली. मग हळूच विषय काढला. "नाना, वर जरा जळतंय."

"काय जळतंय?"

"पठार."

तिसऱ्या घरचा चहा होईपर्यंत अर्धं पठार काळं झालं होतं. 'वणवा टाळा' ही केंद्राची पाटीसुद्धा गेली.

"आग दिसल्यावर गप्पा मारत बसतात?" सर कडाडले. "आग दिसली की बादलीभर पाणी! आग कुठंही असो, मध्ये कुणीही येवो, कुणाचं ऐकायचं नाही!"

तिसरी गाठ.

जूनमध्ये पर्यावरण दिन आला. सरांनी शहरातून एक निवृत्त साहेब बोलावले होते, 'पाणी जपून वापरा' या विषयावर बोलायला. मामा फेटा बांधून पहिल्या रांगेत. साहेबांनी मेणबत्ती घेतली आणि समई पेटवली.

केरबाला आग दिसली.

"अरे थांब!" सर ओरडले. पण कुणाचं ऐकायचं नव्हतं. समई विझली, साहेब भिजले आणि मामाच्या फेट्याला धार लागली.

तेव्हाच त्याला काढून टाकायचा. पण समितीला दाखवायला सरांकडे गावातला हा एवढाच माणूस होता.

"पाहुण्यांवर पाणी ओततात होय रे? पाहुण्यांना रोप द्यायचं! रस्त्याकडेचं कुठलंतरी नाही. आपल्याकडचं खास, दुसरीकडे न मिळणारं. प्रत्येकाच्या हातात एकेक. कळलं?"

"कळलं सर."

चौथी गाठ. टॉवेल आता तोंड पुसायच्या कामाचा राहिला नव्हता.

गणपती झाले. समिती आली. सात माणसं.

केंद्राकडे दाखवण्यासारखं एकच होतं. पठाराच्या कडेला तारेच्या कुंपणात एक वनस्पती होती, जगात दुसरीकडे कुठंच नसलेली. ती सरांनी शोधली आणि तिला सासऱ्यांचं नाव दिलं. वीस वर्षं केंद्र उभं होतं ते तिच्या जिवावर. सारी मिळून सात रोपं. त्या वर्षी पहिल्यांदाच सातही फुलली होती. कुंपणावर पाटी होती, 'हात लावू नये'.

सरांनी आत तासभर भाषण ठोकलं. मग म्हणाले, "चला, आता ज्याच्यासाठी आलात ते दाखवतो."

दारात केरबा धुतलेल्या कपड्यांत उभा होता. त्यानं वाकून प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं. पाहुण्यांचे हात मळू नयेत म्हणून मुळं स्वच्छ धुतलेली. समितीनं टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. मग त्यांना फुलं दिसली.

"हे... हे कुठलं रे?"

"आपल्याकडचं खास, सर. दुसरीकडं मिळत न्हाई."

"सगळी काढलीस?"

"सात पाहुणे, सात रोपं. बरोबर बसली बघा."

"मूर्खा, पाटी वाचली नाहीस? हात लावू नये!"

"वाचली की, सर." केरबाला जरा वाईटच वाटलं. "हात कुठं लावला? कुदळीनं काढली."

आठ दिवसांत सातही रोपं वाळली. ती वनस्पती पृथ्वीवरून कशी गेली यावर सरांनी निबंध लिहिला आणि त्याला परदेशात बक्षीस मिळालं. त्यात कारण दिलं होतं, 'मानवी हस्तक्षेप'.

केरबाची नोकरी गेली, आणि मार्गशीर्षात सुमनचं लग्न कारखान्यातल्या कायम शिपायाशी झालं.