शोकप्रस्ताव

धरण फुटून कोळसुंदे गाव वाहून गेलं, त्यानंतरचं ते पहिलंच अधिवेशन. सभागृहात कोणतं कामकाज कधी घ्यायचं, हे संसदीय कार्यमंत्री इंदुताई खराटे पाहत. मुख्यमंत्र्यांनी त्यांना बजावलं, "ताई, धरणावर चर्चा होता कामा नये."

"नाही होणार," इंदुताई म्हणाल्या.

सकाळी अध्यक्षांच्या परवानगीने त्यांनी शोकप्रस्ताव मांडला. सगळ्यांना उभं राहायला सांगून बुडालेल्या एकेका माणसाचं नाव वाचलं. त्यात त्यांच्या धाकट्या भावाचंही होतं. तेही वाचून त्यांनी पुढचं नाव घेतलं. मुख्यमंत्र्यांसकट सारं सभागृह मान खाली घालून ऐकत राहिलं.

नंतर दालनात मुख्यमंत्री संतापले, "चर्चा नको म्हणालो होतो ना?"

"चर्चा कुठे झाली, साहेब? कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. तुमच्यासुद्धा."